न काढलेली गाठ

माझ्या मुलाच्या डोक्यावर, डाव्या कानाच्या चार बोटे वर, एक दाणा उठला तेव्हा तो चार महिन्यांचा होता. जून 2019 चा पहिला आठवडा होता. सासूबाई त्याला रोज पायांवर घेऊन तेल लावीत. त्या दिवशी टाळू भरून झाल्यावर बाजूने बोटे फिरवताना त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. मसुरीच्या डाळीएवढा, गुलाबी, हाताला टणक लागणारा आणि दाबला तरी बाळ रडत नाही असा तो उंचवटा होता. पाऊस लांबला होता, विक्रोळीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात उकाड्याने मोठ्या माणसांनाही पुरळ उठले होते, त्यामुळे आम्ही दोघींनी त्याला घामोळे ठरवून टाकले. घामोळे चार दिवसांत बसते. हा दाणा तीन आठवड्यांत वाटाण्याएवढा झाला.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे एखाद्या गोष्टीला नाव सापडले नाही की मला अस्वस्थ वाटते. चामखीळ म्हणावी तर ती खरखरीत असते आणि हा दाणा गुळगुळीत होता. तीळ म्हणावा तर काळसर रंग नव्हता. पुळी म्हणावी तर पू नव्हता आणि गळू म्हणावे तर ठणका नव्हता. उरला तो ‘गाठ’ हा शब्द, आणि तो आमच्या घरात कोणीही उच्चारत नव्हते, कारण मुंबईत गाठ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर परळचे कर्करोग रुग्णालय उभे राहते. सासूबाईंनीच त्याला ‘दाणा’ म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द पुढे चार वर्षे घरात राहिला.

या काळात मिळालेल्या सल्ल्यांची मोजदाद करणे शक्य नाही. खालच्या मजल्यावरील आजींनी घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधायला सांगितले, म्हणजे आठ दिवसांत ते गळून पडते. कोणी चुना आणि साबण एकत्र करून लावायला सांगितले. नात्यातल्या एक मावशी बारशाला येऊ शकल्या नव्हत्या, त्या जूनमध्ये आल्या, दाण्याकडे पाहिले आणि मला विचारले, “दिवसांत काही गरम खाण्यात आलं होतं का गं?” त्यांच्या विचारण्यात काळजीच होती, तरीही त्या प्रश्नाने मला पुढचे दोन महिने झोपू दिले नाही. सातव्या महिन्यात खाल्लेल्या पपईच्या फोडीपासून शाळेच्या सहलीतील प्रवासापर्यंत सगळे मी मनात उलटून पाहत असे. या दाण्याचा आईच्या खाण्यापिण्याशी, हिंडण्याफिरण्याशी किंवा ग्रहणाशी काहीही संबंध नसतो आणि त्याचे नेमके कारण वैद्यकशास्त्रालाही अजून सापडलेले नाही, हे मला नंतर कळले. ते आधी कोणी सांगितले असते तर तो पावसाळा वेगळा गेला असता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तो कीटकदंश वाटला व त्यांनी दोन आठवडे लावायला मलम दिले. त्याने काही झाले नाही, तेव्हा कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही एका खासगी रुग्णालयातील शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि “काढून टाकू” असे सांगितले. पूर्ण भूल, एक दिवस दाखल, पाच-सहा टाके. हे आहे तरी काय, असे मी विचारले तेव्हा “काढल्यावर कळेल” असे उत्तर मिळाले आणि खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद माझ्या हातात आला. भुलेपूर्वीच्या तपासण्यांसाठी आम्हाला 2 जुलैची तारीख दिली होती. त्या दिवशी मुंबई पावसाने ठप्प झाली. शासनाने सुट्टी जाहीर केली, लोकल बंद पडल्या आणि आम्ही घराबाहेर पडूच शकलो नाही. काही मुलांमध्ये अशी गाठ काढावी लागते, हे मला आता ठाऊक आहे, त्यामुळे त्या डॉक्टरांचा सल्ला चूक होता असे मी म्हणणार नाही. परंतु न काढण्याचाही एक मार्ग असतो, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि तो पाऊस पडला नसता तर ते आम्हाला कळलेही नसते. पुढची तारीख घेण्याआधी शाळेतील एका सहकारी बाईंनी सांगितले की, कापायचे असेल तर कापा, पण आधी एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवून या.

अशा रीतीने जुलैच्या मध्यावर आम्ही परळला गेलो. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, परळ ही या शहरातील रुग्णालयांची पेठ आहे. केईएम तेथे 1926 पासून आहे, वाडियांचे मुलांचे रुग्णालय 1929 पासून आणि कर्करोगाचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून; तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. टाटाच्या बाहेरील पदपथावर देशभरातून आलेली कुटुंबे ताडपत्री बांधून राहतात. त्या पदपथावरून पाच महिन्यांचे मूल छातीशी धरून चालताना मी एकदाही मान वर केली नाही.

केस पेपर काढायच्या रांगेत सकाळी पावणेआठला उभे राहिलो आणि आमचा नंबर साडेअकराला लागला. त्वचारोग विभागातील निवासी डॉक्टरांनी आधी दाणा तपासला, मग बाळाचे सगळे कपडे काढायला लावले, खिडकीच्या उजेडात त्याला पालथे-उताणे केले आणि कातडीचा इंच न् इंच पाहिला. मला वाटले, दाणा डोक्यावर आहे आणि या मुलीला मांड्या कशाला पाहायच्या आहेत? त्याचे उत्तर नंतर मिळाले. पेनच्या बोथट टोकाने त्यांनी दाणा हलकेच पाच-सहा वेळा चोळला आणि घड्याळाकडे पाहत थांबल्या. लहान मुलांमध्ये मास्ट पेशींचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज व सूज आणणाऱ्या पेशींचा, एक साठा होतो, तो चोळल्यावर गांधीसारखा लाल होऊन फुगतो. आमचा दाणा फुगला नाही. त्यांनी केस पेपरवर तसे लिहिले आणि प्रमुख मॅडमना बोलावले.

मॅडमनी डर्मोस्कोप नावाचे छोटे भिंग दाण्यावर टेकवले, त्यावर स्वतःचा फोन धरून चित्र घेतले आणि मला जवळ बोलावून ते दाखवले. मधोमध केशरी-पिवळा गोळा आणि भोवती पातळ लालसर कडा. “आमच्याकडे याला मावळता सूर्य म्हणतात,” त्या म्हणाल्या. आपल्याला हे काय असावे याची बरीचशी कल्पना आहे, परंतु मूल फार लहान आहे आणि दाणा झपाट्याने वाढला आहे, म्हणून अंदाजावर न थांबता लहानसा तुकडा तपासायला पाठवू, असे त्यांनी सांगितले. मग एक कागद घेऊन त्यांनी संभाव्य नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिले: ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा. घरी जाऊन हे वाचणारच असाल तर मला विचारायचे प्रश्न लिहून आणा, इतकेच त्यांनी बजावले. प्रश्न लिहून आणा असे रुग्णाच्या आईला सांगणारा डॉक्टर मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

बायोप्सी दोन दिवसांनी झाली. दाण्याभोवतीचे केस काढून सुन्न करणारे मलम थापले, वरून पारदर्शक पट्टी लावली आणि तासभर बाहेर बसवले. बाळ भुकेने रडत होते. त्याला पाजायला परवानगी होती, कारण पूर्ण भूल द्यायची नव्हती. आत गेल्यावर सिस्टरनी त्याला चादरीत हातांसकट असे गुंडाळले की फक्त डोके बाहेर राहिले. “आई, तुम्ही डोकं धरा, मान हलू देऊ नका,” असे त्या म्हणाल्या आणि मावशींनी साखरेच्या पाण्यात बुडवलेला बोळा त्याच्या ओठांना लावला. तान्ह्या बाळाला गोड चव दिली की सुईची वेदना थोडी कमी जाणवते, हे त्यांनी मला काम करता करता सांगितले. मग बधिरतेचे इंजेक्शन दिले, आणि बाळ रडले ते त्या इंजेक्शनला. त्यानंतर पेनासारख्या दांड्याच्या टोकाला चार मिलिमीटरचे गोल पाते असलेले हत्यार दाण्यावर टेकवून डॉक्टरांनी दोन बोटांत फिरवले. त्या वेळी तो माझ्याकडे पाहत बोळा चोखत होता. डोक्याच्या त्वचेतून रक्त फार येते. ते पाहून माझे हात सैल पडले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या वॉर्डातील मामांनी न बोलता माझ्या हातांवर स्वतःचे हात ठेवले. दोन टाके पडले. आत जाऊन बाहेर येईपर्यंत वीस मिनिटेही झाली नव्हती.

तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून बाटली माझ्याच हातात देण्यात आली, कारण नमुना पॅथॉलॉजी विभागात नातेवाइकांनी पोहोचवायचा असतो. त्या बाटलीवर त्याचे नाव, वय ‘5 म.’ आणि नोंदणी क्रमांक होता. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा तळाशी बसला होता. बाटली देऊन पावती घेताना खिडकीतल्या बाबूंनी वयाचा आकडा पुन्हा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि पावती नेहमीपेक्षा सावकाश लिहिली, असे मला वाटले.

अहवालाला नऊ दिवस लागले, आणि तो आला तेव्हा पुरता नव्हता. निदानाच्या जागी ‘हिस्टियोसाइट पेशींचा साठा’ असे लिहून पुढे विशेष रंगचाचणी करावी अशी शिफारस होती. त्यासाठी आणखी बारा दिवस गेले. या बारा दिवसांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण पूर्ण वाटचालीत तेच सर्वांत जड गेले. हिस्टियोसाइट या शब्दावरून मी रात्री फोनवर जे वाचायला सुरुवात केली, त्यात दोन घराणी दिसली. एका घराण्यातील आजाराला लँगरहॅन्स पेशींच्या नावाने ओळखतात. तो हाडांत, यकृतात पसरू शकतो आणि काही मुलांना त्यासाठी केमोथेरपी द्यावी लागते. दुसऱ्या घराण्यात आपला झँथोग्रॅन्युलोमा येतो, जो बहुतेक मुलांमध्ये त्वचेपुरता राहतो आणि आपोआप जातो. साध्या डोळ्यांना दोन्ही सारखे दिसू शकतात. बाळाला मांडीवर झोपवून मी एका हाताने ती पाने वाचत असे आणि पतींना काही सांगत नसे. तेही दिवसपाळी संपवून रात्री गॅलरीत उभे राहून तेच वाचत होते, हे मला महिन्याभराने कळले. घरात तिसऱ्या व्यक्तीला म्हणजे सासूबाईंना वाचता येत असूनही फोनवर शोधता येत नसे. त्या बारा दिवसांत नीट झोपणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि सकाळी बाळाला तेल लावून हसवण्याचे काम त्यांनीच चालू ठेवले.

ऑगस्टमध्ये अहवाल आला. लँगरहॅन्स पेशींच्या खुणा नकारात्मक होत्या, दुसऱ्या घराण्याच्या खुणा होकारात्मक. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “आई, हे सौम्य आहे. हा कर्करोग नाही.” मी लिहून नेलेले सतरा प्रश्न होते, त्यांनी सगळ्यांची उत्तरे दिली. झँथोस म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा. पेशींमध्ये मेद साठल्यामुळे हा रंग येतो, परंतु रक्तातील कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे माझे तूप बंद करायचे कारण नव्हते. हिस्टियोसाइट म्हणजे शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी. त्या एका जागी गरजेपेक्षा जास्त जमल्या आहेत. हे संसर्गजन्य नाही. बहुतेक मुलांत पहिल्या वर्षातच दिसते, बहुधा एकच असते, डोके, मान किंवा छाती-पाठीवर असते आणि साधारण तीन ते सहा वर्षांत सपाट होऊन जाते.

तेथील एक निवासी डॉक्टर मला सूक्ष्मदर्शकाकडे घेऊन गेल्या. दोघांना एकाच वेळी पाहता येईल असे ते यंत्र होते आणि त्यातील बाणाने त्यांनी एक मोठी पेशी दाखवली. गडद ठिपक्यांची एक माळ गोल बसली होती, आत एकसारखा गुलाबी रंग आणि बाहेर फेसाळ कडा. त्या पेशीला टाउटन पेशी म्हणतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ कार्ल टाउटन यांनी 1885 मध्ये तिचे वर्णन केले. या आजाराचे पहिले तपशीलवार वर्णन 1905 मध्ये अ‍ॅडमसन यांनी केले आणि आजचे नाव हेल्विग व हॅकनी यांनी 1954 मध्ये दिले, असेही त्यांनी सांगितले. माझ्या मुलाच्या डोक्यावरील दाण्याला इतकी जुनी वंशावळ आहे आणि तो कुठेतरी कोणीतरी आधीच ओळखून ठेवला आहे, या जाणिवेने मला जो धीर आला तो आकडेवारीने आला नव्हता.

उपचार काय, असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या, “काही नाही. पाहायचं.” पुढे त्या जे बोलल्या ते मला शब्दशः आठवत नाही, परंतु त्याचा अर्थ असा होता की पाहणे हे काम आहे आणि ते नीट करावे लागेल. पहिले काम डोळ्यांचे. हा साठा क्वचित डोळ्याच्या बुबुळामागील रंगीत पडद्यावर होतो. झालाच तर तेथे रक्तस्राव होऊ शकतो, डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि दृष्टी जाऊ शकते. हे शंभरात एका मुलालाही होत नाही, परंतु दोन वर्षांच्या आतील आणि एकाहून अधिक दाणे असलेल्या मुलांत शक्यता वाढते. दुसरे काम कातडीवरील डागांचे. दुधाळ कॉफीच्या रंगाचे, पाच मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजाराचा विचार करावा लागतो, आणि तो व हे दाणे एकत्र असलेल्या मुलांच्या रक्तावर लक्ष ठेवतात, कारण अशा काही मुलांत रक्ताचा एक दुर्मिळ कर्करोग नोंदवला गेला आहे. पहिल्या दिवशी मांड्या का पाहिल्या, ते मला तेव्हा उमगले. आमच्या मुलाच्या उजव्या मांडीवर असा एकच डाग होता. एखादा डाग तर कित्येक निरोगी मुलांनाही असतो. रक्ताची तपासणी केली, पोट दाबून यकृत व प्लीहा पाहिली. सगळे ठीक निघाले.

डोळ्यांच्या तपासणीचे वर्णन मी टाळले असते, परंतु ज्या आईवडिलांना त्यासाठी जायचे आहे त्यांना आधी कळलेले बरे. बाहुली मोठी करणारे थेंब तीन वेळा घालतात, दर वेळी बाळ रडते, मग चादरीत गुंडाळून, पापण्या उघड्या ठेवून हातात धरायच्या उपकरणाने पाहतात. हे बायोप्सीपेक्षा जास्त वेळ चालते. दोन्ही डोळे स्वच्छ निघाले. नेत्रविभागातील डॉक्टरांनी एक सूचना दिली जी मी स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावली: डोळा लाल झाला, पाणी गळू लागले, पांढुरका दिसला किंवा दोन डोळ्यांच्या रंगात फरक वाटला, तर ‘डोळे आले असतील’ असे समजून घरी थांबायचे नाही.

सप्टेंबरात त्याच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, दुसरा दाणा आला. तीळभर होता. मी शाळेतून आले तर सासूबाई दारात उभ्या होत्या आणि मला काही न सांगता त्यांनी बाळाचे झबले वर केले. त्या रात्री मी पुन्हा सगळी पाने वाचली. मॅडमनी दोन दिवसांनी तो पाहून शांतपणे वहीत नोंदवला आणि डोळ्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी करायला सांगितली.

वही ही त्यांचीच सूचना. महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीशी, दाण्याशेजारी पट्टी धरून फोटो काढायचा आणि माप लिहायचे. रोज मोजायचे नाही, कारण रोज मोजणाऱ्याला रोज वाढ दिसते. ऑगस्टमध्ये 9 मिलिमीटर, ऑक्टोबरात 10, डिसेंबरात 10. रंग गुलाबीवरून पाडाच्या आंब्यासारखा पिवळट होत गेला. न काढता, न लावता, न बांधता एखादी गोष्ट लेकराच्या अंगावर राहू देणे हे घरातील प्रत्येकाच्या स्वभावाविरुद्ध जात होते. माझ्या पतींनी दोनदा तरी पुन्हा शल्यचिकित्सकांचा विषय काढला, आणि खरे सांगायचे तर तिसऱ्यांदा तो मी काढला होता.

जानेवारी 2020 मध्ये जावळाचा प्रश्न आला. वर्षाच्या आत मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचे, ही आमच्याकडची रीत, आणि दाण्यावरून वस्तरा गेला तर तो फाटून जखम होणार हे स्पष्ट होते. मला वाटले होते, सासूबाई ऐकणार नाहीत. घोड्याच्या केसाचा उपाय त्यांनाही जूनमध्ये पटला होता. परंतु त्यांनीच नाभिकांना घरी बोलावले, दाण्याभोवती बोटाने गोल काढून दाखवला आणि सांगितले, “एवढ्यात हात लावायचा नाही. तिथले केस राहू देत. देवाला चालतं.” माझा भाऊ त्याला घट्ट धरून बसला होता आणि आत्या हातात खुळखुळा घेऊन समोर उभी होती. जावळ निघाले तेव्हा डोक्यावर रुपयाएवढे एक बेट शिल्लक राहिले. पाहुण्यांपैकी कोणी विचारायच्या आत सासूबाई उत्तर देत होत्या: “सौम्य आहे. आपोआप जाणार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.”

मार्चमध्ये तिसरी नेत्रतपासणी होती. लोकल बंद झाल्या, टाळेबंदी लागली, आणि ती राहिली. मे महिन्यात एका सकाळी मुलगा उठला तो डावा डोळा लाल घेऊन. पाणी गळत होते, उजेडाकडे पाहवत नव्हते. दारावरचा कागद समोर होता. मी फोनच्या उजेडात बुबुळाचा रंग पाहण्याचा प्रयत्न केला, तो डोळा मिटून घेत होता. मॅडमना फोटो पाठवला. त्यांची नेमणूक तेव्हा करोना कक्षात होती, तरी दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. त्यांनी नेत्रविभागात कळवून ठेवले. आमच्या इमारतीत दुधाचा व्यवसाय असलेले एक काका आहेत, ज्यांच्या टेम्पोला परवानगी होती. त्यांनी भाड्याचा विषयही काढू दिला नाही. विक्रोळीहून परळला जायला एरवी तासावर लागतो, त्या दिवशी आम्ही वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचलो. मुंबईचा तो रिकामा रस्ता पुष्कळांनी पाहिला असेल. मी पाहिला नाही, मी एक लाल डोळा पाहत होते. संरक्षक पोशाखातील डॉक्टरांचा चेहराही दिसत नव्हता. त्यांनी तपासले, दाब मोजला, दुसरा डोळा तपासला, पुन्हा पहिला तपासला. पडद्यावर गाठ नव्हती, रक्त नव्हते, दाब ठीक होता. डोळेच आले होते. पाच दिवसांचे थेंब मिळाले. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि पतींनी मला उठवण्याची घाई केली नाही.

दोन वर्षांचा होईपर्यंत तपासण्या जमतील तशा झाल्या आणि सगळ्या स्वच्छ निघाल्या. बालवाडीत, जून 2022 मध्ये, एका पालकांनी हे लागट आहे का असे बाईंना विचारले; मॅडमच्या पत्राने तो विषय एका दिवसात मिटला. तोपर्यंत पाठीवरचा दाणा कधी गेला ते कळलेही नव्हते. डोक्यावरचा मात्र सावकाश उतरला. 2021 च्या दिवाळीत 9, पुढच्या उन्हाळ्यात 7, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो बोटाला मऊ लागू लागला, मग कडेने बसत गेला, मध्यभागी सुरकुती पडली आणि पिवळा रंग विटून तपकिरी झाला. मुलाला झोप येऊ लागली की बोट त्या जागेवर फिरवायची सवय लागली होती. काही नसलेल्या जागेवर तो अजूनही बोट फिरवतो. तेथे आता कातडी किंचित पातळ आणि सैल आहे, केस विरळ आहेत. ते तसेच राहील, असे मॅडम म्हणाल्या.

वहीतील शेवटची नोंद ऑक्टोबर 2023 ची आहे. त्या रविवारी पट्टी पतींच्या हातात होती आणि मी लिहायला बसले होते. त्यांनी मुलाचे केस दोन्ही बाजूंना सारून बराच वेळ पाहिले, पट्टी एकदा ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग वही माझ्याकडून घेतली आणि मापाच्या रकान्यात आकड्याऐवजी लिहिले: ‘कडा सापडत नाही.’